बियाण्यातला विषाणू: घरचं बी धरण्यापासून रोप लावेपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

बियाण्याला कार्बेन्डाझिम चोळलं, वर ट्रायकोडर्मा ही उपयोगी जिवंत बुरशीही लावली, तरी रोपांवर मोझॅक (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा विषाणूरोग) कसा आला, हा प्रश्न टोमॅटो-मिरचीच्या प्रत्येक हंगामात पुन्हा पुन्हा विचारला जातो. ही दोन्ही बुरशीजन्य रोगांसाठी आहेत. इमिडाक्लोप्रिडची बीजप्रक्रिया रस शोषणाऱ्या किडींसाठी आहे. बियाण्यासोबत आलेल्या विषाणूला यातलं काहीच लागू पडत नाही. एकदा झाडात शिरलेला विषाणू बाहेर काढणारी फवारणीही बाजारात नाही, मग दुकानदार काहीही सांगो. म्हणून जे करायचं ते बी धरताना आणि रोपं वाढवताना, आणि तेही ठरलेल्या क्रमानेच. पायऱ्या माहीत असूनही क्रम चुकल्यामुळे मेहनत वाया गेलेली जास्त दिसते.

हा लेख सरळ किंवा देशी वाणाचं बी घरी धरणाऱ्यांसाठी आणि स्वतःची रोपं स्वतः वाढवणाऱ्यांसाठी आहे. संकरित वाणाच्या फळातलं बी धरू नका. पुढच्या पिढीत वाण फुटतो, म्हणजे झाडं एकसारखी निघत नाहीत, तो वेगळाच विषय.

## आधी हे समजून घ्या: विषाणू बियाण्यात कुठे बसलाय

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नका.

बियाण्याच्या सालीवर बसणारे. टोमॅटो मोझॅक, तंबाखू मोझॅक, मिरचीचा सौम्य चट्टे विषाणू, आणि काकडी-दुधी-कलिंगडावरचा हिरवा चट्टेरी मोझॅक हे सगळे एकाच कुळातले, टोबॅमो गटाचे. ते सालीवर, सालीला चिकटलेल्या गरात आणि कधी कधी सालीखालच्या अन्नसाठ्यात असतात. अंकुरात सहसा नसतात. मग रोपात कसे जातात? कोंब साल फोडून बाहेर येताना घासला जातो, किंवा रोप उपटताना बारीक मुळं तुटतात, त्या जखमेतून. म्हणून दूषित बियांपैकी प्रत्यक्षात थोड्याच रोपांना लागण होते. पण हा गट फार चिवट आहे. किडीची गरज न लागता तो हात, कपडे, कात्री, सुतळी यांच्यावरून नुसत्या स्पर्शाने पसरतो. त्या थोड्या रोपांचं शेतभर पीक करून ठेवतो तो माणसाचा हात.

अंकुराच्या आत बसणारे. चवळीवरचे मोझॅक, घेवड्याचा सामान्य मोझॅक, सॅलडच्या लेट्यूसचा मोझॅक हे या प्रकारातले. इथे विषाणू जन्माला येणाऱ्या रोपाच्या आतच असतो. बी कशातही बुडवा, कितीही धुवा, तो जात नाही. बी जिवंत आहे तोवर विषाणूही टिकतो. शेतात पुढचा प्रसार मावा करतो, आणि तो इतक्या झटपट, की कीटकनाशकाने मावा मरण्याआधीच दोन-चार झाडांना सोंड लावून झालेली असते.

थोडक्यात, टोमॅटो आणि मिरचीचं बी धुऊन सुधारता येतं. वेलवर्गीय भाज्यांचं टप्पा ३ मध्ये बघू. चवळी-घेवड्याचं बी धुऊन सुधारत नाही, तिथे झाड निवडूनच बी धरावं लागतं. टोमॅटोची प्रक्रिया चवळीला करून निर्धास्त होणं ही मोठी चूक आहे, आणि ती मी चांगल्या जाणकार शेतकऱ्यांकडूनही होताना पाहिली आहे.

## टप्पा १: बी कोणत्या झाडाचं धरायचं ते फुलं येण्याआधी ठरवा

बहुतेक घरी हंगाम संपत आला की उरलेल्या फळांतलं बी काढतात. तोपर्यंत तोडणीला आलेल्या प्रत्येक माणसाचा हात त्या झाडांना लागून गेलेला असतो. बियाण्यासाठी याहून वाईट झाडं सापडणार नाहीत.

१. शेताच्या एका कडेची, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांबची झाडं निवडा. त्यांना रंगीत चिंधी बांधा.

२. त्या झाडांची बांधणी, खुडणी, निंदणी रोज सगळ्यात आधी करा, बाकी शेतात नंतर जा. उलट कधीही नाही.

३. फुलं येण्याआधी दोनदा, सकाळच्या तिरप्या उन्हात, शेंड्याची पानं बघा. फिकट-गडद हिरवे चट्टे, पान अरुंद होऊन दोरीसारखं होणं, शेंडा आखडणं, यातलं काही दिसलं की ते झाड बियाण्याच्या यादीतून बाद.

४. चवळी-घेवड्यात नुसतं यादीतून बाद करून भागत नाही. असं झाड उपटून पिशवीत घालून शेताबाहेर न्या. घेवड्याचा मोझॅक फुलोऱ्याआधी लागला तर बियाण्यात उतरतो. फुलोरा उलटून गेल्यावर लागला तर बी बहुतेक वाचतं. म्हणून ही पाहणी फुलोऱ्याआधीच व्हायला हवी.

इशारा: घेवड्याचं दाणेदार, चकचकीत बी म्हणजे निरोगी बी नव्हे. बाधित बी हुबेहूब चांगल्यासारखं दिसतं. पाखडून, निवडून विषाणू वेगळा होत नाही.

जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांत, विशेषतः देऊळगाव राजाच्या पट्ट्यात, शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बी तयार करणाऱ्या कुटुंबांना हा टप्पा दुपटीने लागू आहे. तिथे प्रत्येक फूल चिमट्याने उघडून हाताने परागीकरण होतं. एका बाधित झाडाचा रस चिमट्याला लागला, तर त्याच दिवशी तो शेकडो फुलांना लागू शकतो. प्रत्येक ओळ संपली की चिमटा आणि बोटं स्वच्छ करा. कशाने, ते टप्पा ६ मध्ये आहे.

## टप्पा २: फळ तोडणं आणि बी काढणं

टोमॅटो पूर्ण लाल होऊ द्या. चट्टे पडलेलं, आतून तपकिरी डाग असलेलं, वेडंवाकडं फळ घेऊ नका. फळं कापून गर आणि बी प्लास्टिकच्या बादलीत काढा, पाणी न घालता २४ ते ४८ तास आंबवा, दिवसातून दोनदा ढवळा. मग भरपूर पाण्यात चोळून धुवा. पोकळ बी वर तरंगतं, ते ओतून द्या.

आंबवल्याने बियाण्याभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, पण टोबॅमो गटाचा विषाणू मरत नाही. तरीही हे नीट व्हायला हवं, कारण सालीला गराचा पापुद्रा राहिला की पुढचं द्रावण सालीपर्यंत पोचत नाही.

तपासा: बी बोटांत चोळलं तर खरखरीत, लवदार लागायला हवं. बुळबुळीत लागलं तर पुन्हा धुवा.

मिरचीचं बी वाळलेल्या फळातून काढतात. इथे एक सवय मोडायला हवी. मसाल्यासाठी बाजारातून आणलेल्या लाल मिरचीतलं किंवा मिरची कांडायच्या डंखावर उरलेलं बी पेरायला ठेवू नका. शेकडो शेतांतल्या मिरच्या एकत्र वाळलेल्या, एकत्र पोत्यात भरलेल्या असतात. एकाची धूळ दुसऱ्याला लागलेली असते.

## टप्पा ३: ट्रायसोडियम फॉस्फेटची प्रक्रिया (फक्त टोमॅटो आणि मिरची)

दुकानात नाव नीट सांगा. हे खत नाही. सिंगल सुपर फॉस्फेट, डीएपी, मोनो पोटॅशियम फॉस्फेट यांचा इथे काही उपयोग नाही. ट्रायसोडियम फॉस्फेट ही धुण्या-साफ करण्याची पांढरी रसायन पावडर आहे, प्रयोगशाळेला किंवा उद्योगांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात मिळते.

लागणारं सामान: रबरी हातमोजे, चष्मा, प्लास्टिकची किंवा स्टीलची दोन भांडी, दोन चाळण्या, घड्याळ. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, हे द्रावण तीव्र अल्कधर्मी असतं आणि ते धातू खातं.

१. आधी ५० बिया बाजूला काढून त्यांच्यावर सगळी प्रक्रिया करून बघा. प्रक्रिया न केलेल्या ५० बियांसोबत ओल्या कापडात उगवण तपासा. फरक नसेल तरच पुढे जा. जुनं, कमकुवत बी या प्रक्रियेत दगावू शकतं.

२. १०० ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून एक लिटर करा. हे १० टक्के द्रावण झालं. प्रत्येक वेळी ताजं करा.

३. बियांच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रावण घ्या. बी सैल बुडायला हवं, पुरचुंडीत आवळून नाही.

४. ३० मिनिटं ठेवा, अधूनमधून हलवा.

५. दुसऱ्या, स्वच्छ चाळणीत ओता आणि वाहत्या पाण्याखाली बोटांना साबणासारखा निसरडेपणा लागेनासा होईपर्यंत धुवा. अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू द्या. द्रावणाचा अंश राहिला तर उगवण घटते.

इशारा: पाचव्या पायरीला चाळणी बदलायची राहून जाते. ज्या चाळणीत मळकं बी होतं, तिच्यातच धुतलेलं बी टाकलं की केलेलं सगळं पाण्यात. भांडं, चाळणी, वाळवायचं कापड, पाकीट, सगळ्याला हाच नियम आहे: प्रक्रियेआधीचं सामान प्रक्रियेनंतर वापरायचं नाही.

गरम पाण्याच्या प्रक्रियेबद्दल नेहमी विचारतात. टोमॅटोचं बी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवणं जिवाणूजन्य रोगांसाठी चांगलं आहे. पण तंबाखू मोझॅकचा विषाणू रसात निष्क्रिय व्हायला ९० अंशांच्या वर तापमान लागतं. तेवढ्या गरम पाण्यात बी शिजेल. कोरड्या उष्णतेची पद्धत आहे, ७० ते ७२ अंशांवर तीन दिवस, आणि वेलवर्गीय भाज्यांचं बी निर्जंतुक करायला बियाणे उद्योग ती वापरतो. पण त्याआधी बी ठरावीक ओलाव्यापर्यंत उतरवावं लागतं आणि तापमान अंशभरही हलू द्यायचं नसतं. घरच्या ओव्हनमध्ये किंवा पत्र्यावर हे करायला जाऊ नका, बी मरेल. दुधी-काकडीच्या घरच्या बियाण्यासाठी म्हणून झाडाची निवड आणि स्वच्छ हात यावरच जोर द्या.

इस्रायलमध्ये २०१४ मध्ये पहिल्यांदा दिसलेला आणि बियाण्याच्या व्यापारासोबत देशोदेशी पोचलेला टोमॅटोचा तपकिरी सुरकुत्या विषाणूही याच गटातला आहे. टोमॅटो मोझॅकला अनेक वर्षं रोखून धरणारं प्रतिकारक जनुक त्याच्यापुढे चालत नाही. त्यामुळे पाकिटावर मोझॅक-प्रतिकारक लिहिलेलं आहे म्हणून पुढची स्वच्छता सोडून देऊ नका.

## टप्पा ४: वाळवण आणि साठवण

धुतलेलं बी सावलीत, नव्या कापडावर, पातळ पसरून वाळवा. खळ्यावर, जुन्या पोत्यावर, कालच मिरची वाळवलेल्या ताडपत्रीवर नाही. पूर्ण वाळलं की नव्या कागदी पाकिटात भरून वाण, तारीख आणि प्रक्रिया झाली की नाही, हे लिहा.

बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा आत्ता लावू नका. ते पेरणीच्या दिवशी. ट्रायकोडर्मा आधी लावून नंतर बी फॉस्फेटमध्ये बुडवलं, तर जिवंत बुरशीचा नाश आणि पैशांचाही.

बी जुनं होऊ दिलं की विषाणू आपोआप मरतो, ही समजूत चुकीची आहे. या गटातले विषाणू वाळलेल्या बियाण्यावर कित्येक वर्षं टिकतात.

## टप्पा ५: चाचणी पेरा, आणि त्याची मर्यादा

पेरणीच्या महिनाभर आधी थोडं बी वेगळ्या ट्रेमध्ये, मुख्य रोपवाटिकेपासून लांब, कीडरोधक जाळीखाली लावा. दोन-तीन खरी पानं येईपर्यंत बघा. चवळी-घेवड्यात पहिली त्रिदल पानं महत्त्वाची. शिरांलगत गडद हिरवे पट्टे, पानावर फोड, कडा खाली वळलेल्या दिसल्या तर त्या लॉटमधलं बी पेरू नका, खायला वापरा.

या चाचणीवर किती विसंबायचं, याचा हिशोब समजून घ्या. हजारात एक बी रोपाला लागण करणारं असेल आणि तुम्ही १०० बिया लावल्या, तर दहापैकी नऊ वेळा तुम्हाला एकही आजारी रोप दिसणार नाही. तेच बी एकरी आठ हजार रोपांच्या टोमॅटोत गेलं की आठ आजारी रोपं शेतात उभी राहतात, आणि बांधणी-तोडणीत आजार पसरायला ती पुरेशी आहेत. हजारात एक एवढा दोष ९५ टक्के खात्रीने पकडायचा तर सुमारे ३००० बिया तपासाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय बियाणे उद्योगाच्या टोबॅमो चाचणीत ३००० बियांचा नमुना घेतात, त्यामागे हेच गणित आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यात लेट्यूसच्या बियाण्याला तर ३०,००० बियांत एकही बाधित नको, अशी अट आहे, कारण तिथे मावा मुबलक आणि शेतं एकमेकांना लागून.

म्हणून चाचणी पेऱ्यात आजार दिसला तर बी नक्की वाईट, दिसला नाही तर बी चांगलं असेलच असं नाही. चाचणी निर्मळ आली तरी टप्पा ६ सोडायचा नाही.

## टप्पा ६: रोपवाटिका, म्हणजे हातांचा कारभार

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. सालीवरचा विषाणू बियाण्यातून एखाद-दुसऱ्या रोपात येतो, पण रोपवाटिकेत तो पन्नास रोपांत जातो.

तंबाखू. तंबाखू मळणारा, विडी ओढणारा माणूस रोपांना हात लावणार असेल, तर आधी साबणाने नखांसकट हात धुणं सक्तीचं. वाळलेल्या तंबाखूत मोझॅकचा विषाणू जिवंत राहू शकतो, आणि तळहातावर मळलेली तंबाखू थेट रोपाच्या खोडाला लागते. माणसाला कमी लेखून नव्हे, नियम म्हणून सांगा: कामाच्या वेळात तंबाखूची पुडी रोपवाटिकेच्या दाराबाहेर.

ट्रे. जुने प्रोट्रे (रोपं वाढवायचे खाचांचे ट्रे) वापरायचे तर आधी घासून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुळांचे धागे पूर्ण काढा. माती चिकटलेली असताना ब्लीच काम करत नाही. मग बाजारातलं ४ ते ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच हे ब्लीच, एका भागाला नऊ भाग पाणी घालून त्यात निदान १० मिनिटं बुडवा आणि धुऊन वाळवा. द्रावण रोज नवं करा. ब्लीचमध्ये आम्ल किंवा संडास साफ करायचं औषध कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कोकोपीट नवंच. वापरलेल्या कोकोपीटमध्ये जुन्या मुळांचे तुकडे असतात आणि विषाणू त्यात महिनोन्‌महिने टिकतो.

दूध. पाण्यात २० टक्के स्निग्धांशविरहित दुधाची पावडर, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम, एका वाडग्यात ठेवा. प्रत्येक ट्रे हाताळला की बोटं, चिमटा त्यात बुडवा आणि ओलेच पुढच्या ट्रेला लावा. दुधातली प्रथिनं विषाणूचा स्पर्शाने होणारा प्रसार कमी करतात. घरगुती तोडगा वाटेल, पण टोबॅमोविरुद्ध हा उपाय प्रयोगांत उतरलेला आहे. मात्र हे हात आणि अवजारांसाठी आहे, आधीच आजारी पडलेलं रोप त्याने बरं होत नाही.

विरळणी. संशयित रोप दिसलं की उपटून शेजारच्या रोपांवरून ओढत नेऊ नका. आधी त्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, मग भोवतालच्या रोपांसकट पिशवीत ओढून घ्या. नंतर हात धुवा. त्या ट्रेला दिवसाच्या शेवटी पाणी द्या. शेंडे ब्लेडने छाटून रोपं एकसारखी करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती बंद करा. एकाच ब्लेडने हजार ताज्या जखमा होतात.

४० मेशची कीडरोधक जाळी लावाच. ती पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी आहे. स्पर्शाने पसरणाऱ्या विषाणूला ती अडवत नाही, दोन्ही कामं वेगवेगळी आहेत.

## टप्पा ७: पुनर्लागवड

रोप ट्रेमधून काढताना मुळं तुटतात, म्हणून हीच वेळ सगळ्यात नाजूक.

- आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे गड्डा सुटा निघेल आणि ओढावं लागणार नाही.
- रोप गड्ड्याला धरून लावा, खोड चिमटीत धरून नाही.
- एक माणूस रोपं काढेल, दुसरा लावेल, आणि दोघे प्रत्येक ट्रेनंतर हात बुडवतील.
- पहिल्या तीन आठवड्यांत आजारी दिसलेलं रोप काढून टाका, पण त्याच खड्ड्यात लगेच नवं रोप लावून नांगे भरू नका. जुन्या मुळांचे तुकडे तिथेच असतात.
- मागच्या हंगामाची सुतळी पुन्हा वापरू नका. वाळलेला रस लागलेली सुतळी म्हणजे साठवलेला विषाणू.

## बियाण्यावर नाहक आळ येतो ते रोग

भेंडीचा केवडा बियाण्यातून येत नाही, तो पांढरी माशी आणते. टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि मिरचीचा बोकड्या यांतही पांढरी माशी हीच मुख्य वाट आहे, शिवाय मिरची फुलकिडे आणि कोळी यांनीही आखडते. इथे बी बदलून फायदा होत नाही, माशी रोखावी लागते. कारलं आणि झुकिनीत मात्र पर्णगुच्छाच्या गटातल्या एका विषाणूचा बियाण्यातून प्रसार संशोधनात नोंदला गेला आहे, म्हणून बाधित वेलाचं बी धरू नका.

२०२० च्या उन्हाळ्यात पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात टोमॅटोच्या फळांवर पिवळे-पांढरे पट्टे पडले, शेतकऱ्यांनी त्याला तिरंगा म्हटलं आणि पहिला संशय बियाण्यावर गेला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत प्रामुख्याने काकडी मोझॅक विषाणू सापडला. हा विषाणू मावा झपाट्याने पसरवतो, आणि तो तणांवर व आजूबाजूच्या पिकांवरही राहतो. नुसतं पान बघून तो कुठून आला हे कुणीही ठरवू शकत नाही.

शेतातली मांडणी मात्र दिशा दाखवते. आजारी रोपं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच, शेतभर विखुरलेली आणि एकाच लॉटची असतील, तर बियाण्यावर किंवा रोपवाटिकेवर संशय घ्या. बांधाकडून आत सरकत असतील तर किडीवर. एकाच ओळीत लागोपाठ असतील तर बांधणी करणाऱ्या हातावर.

## विकतचं बी घेतलं असेल तर

रंगीत बियाण्यावर कंपनीने औषध लावलेलं असतं. ते धुऊन ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये बुडवू नका. औषध निघून जाईल, पाणी विषारी होईल आणि तक्रारीचा हक्कही अडचणीत येईल. पावती, रिकामं पाकीट, त्यावरचा लॉट नंबर आणि चमचाभर न पेरलेलं बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

लागण दिसलीच तर आजारी पाच-सहा झाडांची कोवळी शेंड्याची पानं कागदी टिपकागदात गुंडाळा, प्लास्टिक पिशवीत घालून थंड ठेवा आणि २४ तासांत कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांकडे पोचवा. वाळलेली, सडलेली पानं तपासणीला चालत नाहीत. सोबत निरोगी झाडाची पानं वेगळ्या पिशवीत द्या. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार झाडं शेतात उभी असतानाच करा. उपटून जाळल्यावर पाहणीला येणाऱ्या समितीला बघण्यासारखं काही उरत नाही.